सल्ले मोजले, रुग्ण मोजायचे राहिले

देशातील विज्ञानवार्तांमध्ये गेल्या काही वर्षांत एक वाक्य ठरून गेल्यासारखे येते: आरोग्यसेवेतील अमुक इतक्या सल्ल्यांना कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य लाभले. आकडा आधी लाखांत असतो, पुढच्या बातमीत तो कोटींत जातो. सोबत एक छायाचित्र असते. परिचारिकेच्या हातात टॅबलेट आहे आणि समोरच्या खुर्चीवर एक वृद्ध स्त्री बसली आहे. त्या स्त्रीचा रक्तदाब सहा महिन्यांनी आटोक्यात आला का, हे मात्र बातमीत नसते. बहुतेक वेळा ते कुणी विचारलेलेही नसते.

प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टरांच्या निर्णयाला एआयची जोड द्यावी की नाही, हा वाद एव्हाना मागे पडला आहे. जोड दिली गेली आहे. 'ई-संजीवनी' ही राष्ट्रीय दूरवैद्यक सेवा 2019 मध्ये सुरू झाली आणि फेब्रुवारी 2023 मध्ये तिने 10 कोटी सल्ल्यांचा टप्पा ओलांडला. त्यानंतर तिच्यात निर्णय-सहाय्य प्रणाली बसवण्यात आली. उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाच्या तक्रारी ठरावीक साच्यात भरतो, यंत्रणा संभाव्य निदानांची यादी सुचवते आणि दूर कुठेतरी पडद्यासमोर बसलेला डॉक्टर ती पाहून औषध लिहितो. 2018 पासून उभारलेल्या आणि आता 'आयुष्मान आरोग्य मंदिर' म्हणवल्या जाणाऱ्या दीड लाखांहून अधिक केंद्रांच्या जाळ्यावर ही सेवा उभी आहे. जगात इतक्या मोठ्या प्रमाणावर असा प्रयोग क्वचितच झाला असेल. प्रयोग म्हटला की त्याचे फलित मोजावे लागते, आणि नेमके तेच राहून जात आहे.

आक्षेप यंत्राला नाही, मोजमापाला आहे. किती सल्ले दिले, यंत्राचे निदान तज्ज्ञांच्या निदानाशी किती वेळा जुळले, किती केंद्रांवर यंत्रणा पोहोचली, हे सारे आकडे यंत्राविषयी सांगतात. रुग्णाविषयी ते काहीच सांगत नाहीत. प्राथमिक सेवेत या दोन गोष्टींमधले अंतर इतके मोठे आहे की पहिलीवरून दुसरी गृहीत धरणे हा विज्ञानाचा अपमान ठरतो.

हे अंतर कशामुळे पडते? निर्णय-सहाय्य प्रणालीच्या मागे एक न बोललेले गृहीतक असते: गावपातळीवर उपचार चुकतात, कारण तिथे ज्ञान कमी पडते. मग ज्ञान पोहोचवले की उपचार सुधारतील. गृहीतक अगदीच निराधार नाही. जिष्णू दास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2012 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित माणसांना रुग्ण बनवून दिल्लीतल्या आणि मध्य प्रदेशातील खेड्यांतल्या दवाखान्यांत पाठवले होते. खेड्यांत रुग्ण तपासणाऱ्यांपैकी 67 टक्क्यांकडे कोणतीही वैद्यकीय पात्रता नव्हती. तपासणी सरासरी चार मिनिटेही चालत नव्हती आणि अचूक निदान विरळाच होत होते. एवढे वाचून कोणालाही वाटेल की इथे एक हुशार यंत्र हवे.

पण त्याच संशोधकांनी पुढे जे दाखवले त्याकडे यंत्राचे पुरस्कर्ते सहसा वळत नाहीत. मध्य प्रदेशात एकच डॉक्टर सरकारी केंद्रात आणि स्वतःच्या खासगी दवाखान्यात वेगवेगळा वागताना आढळला. खासगी दवाखान्यात तो अधिक प्रश्न विचारतो, अधिक तपासतो आणि योग्य उपचारही अधिक वेळा करतो. एका दारातून दुसऱ्या दारात जाताना त्याचे ज्ञान बदललेले नसते. जे ठाऊक आहे ते करण्याची निकड बदललेली असते.

याहून ठळक पुरावा 2024 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. मुलांच्या जुलाबांवर ओआरएस द्यावे, हे देशातील जवळजवळ प्रत्येक वैद्यकीय व्यावसायिकाला ठाऊक आहे. तरीही ते दिले जात नाही. का? कर्नाटक आणि बिहारमधील 2,000 हून अधिक खासगी व्यावसायिकांचा अभ्यास करून संशोधकांनी कारणांची वाटणी केली. ओआरएस न देण्यामागे तुटवड्याचा वाटा केवळ सुमारे 6 टक्के निघाला आणि औषधविक्रीतील नफ्याच्या मोहाचा सुमारे 5 टक्के. ओआरएस न देण्यामागचे सर्वांत मोठे, सुमारे 42 टक्के कारण भलतेच निघाले. रुग्णालाच ओआरएस नको असते, असे व्यावसायिकांना वाटत होते. मुलाला घेऊन आलेल्याने ओआरएसची इच्छा बोलून दाखवली, तर ते मिळण्याचे प्रमाण 27 टक्केबिंदूंनी वाढले. एक वाक्य आणि एवढा फरक! आता या व्यावसायिकाच्या टेबलावर जगातले सर्वांत प्रगत भाषा-प्रारूप ठेवले आणि त्याने 'ओआरएस द्या' असा सल्ला दिला, तर त्याने नवे काय सांगितले? दुखणे म्हशीला आणि डाग पखालीला, अशातला हा प्रकार.

निर्णय-सहाय्य प्रणालींची खुद्द भारतात काटेकोर परीक्षा झालेली आहे आणि तिचे निकाल विसरले गेले आहेत, ही याहून खेदाची गोष्ट. 'एमवेलकेअर' या चाचणीत हरियाणा आणि कर्नाटकातील 40 सामुदायिक आरोग्य केंद्रे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटली गेली. रक्तदाब आणि मधुमेहाचे सुमारे 3,700 रुग्ण वर्षभर पाहिले गेले. एका गटात परिचारिकेच्या हाती टॅबलेटवरील निर्णय-सहाय्य प्रणाली होती, तर दुसऱ्या गटात प्रशिक्षण, भिंतीवरचे उपचारतक्ते आणि माहितीपत्रके. वर्षाअखेर यंत्रणेच्या गटात वरचा रक्तदाब सरासरी 13 ते 14 अंकांनी उतरला होता. यश मोठे होते, पण दुसऱ्या गटातही तो जवळपास तेवढाच उतरला. दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक निघाला नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्मार्टहेल्थ इंडिया' चाचणीत आंध्र प्रदेशातील 18 प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि 54 गावे होती. आशा कार्यकर्त्या टॅबलेट घेऊन घरोघर गेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेले लोक त्यांनी शोधून काढले. धोका सापडला, डॉक्टरांकडे पाठवणीही झाली. रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण मात्र दोन्हीकडे 40 टक्क्यांच्या आसपासच राहिले.

या प्रणाली आजच्या भाषा-प्रारूपांइतक्या चतुर नव्हत्या, असा बचाव केला जाईल. तो लंगडा आहे. उच्च रक्तदाबाचे निदान करायला आणि पहिले औषध निवडायला चातुर्य लागत नाही, नियम एका पानावर मावतो. तिथे यंत्र कमी पडले ते बुद्धीत नव्हे. सल्ल्यानंतरच्या टप्प्यांवर यंत्राची सत्ताच चालत नव्हती: गोळी केंद्रात आहे का, पुढच्या महिन्यात रुग्ण येतो का, आला नाही तर त्याला हाक मारायला कोणी आहे का.

हेच टप्पे बांधून काढले तर काय होते, याचे उदाहरणही आपल्याच देशात आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम पंजाब, केरळ, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्रातील 25 जिल्ह्यांतून सुरू झाला. त्याची सूत्रे इतकी साधी की बातमी व्हायची नाहीत: प्रत्येक राज्याचा एकच सोपा उपचारक्रम, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिकांवर सोपवलेली कामे, घराजवळच्या केंद्रात गोळ्या मिळण्याची सोय, आणि कोण आले, कोण आले नाही, कोणाचा रक्तदाब आटोक्यात आहे याची नोंदवही. या उपक्रमातही मोबाइलवरचे सॉफ्टवेअर होते. मात्र ते डॉक्टरला शहाणे करायला निघाले नव्हते. रुग्ण हरवू नये एवढेच त्याचे काम होते. या उपक्रमाला 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. त्यामागे कोणतेही प्रज्ञावान यंत्र नव्हते, म्हणून तो पहिल्या पानावर आला नाही.

आता दुसरी बाजू तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडली पाहिजे, कारण दुबळ्या प्रतिपक्षाला हरवण्यात पुरुषार्थ नाही. 2025 मध्ये नैरोबीतील पेंडा हेल्थच्या 15 दवाखान्यांत ओपनएआयच्या सहकार्याने मोठा अभ्यास झाला. 39,849 रुग्णभेटी त्यात होत्या. वैद्यकीय कर्मचारी आपली नोंद लिहीत असताना यंत्रणा पार्श्वभूमीवर वाचत राही आणि गंभीर चूक दिसली तरच लाल खूण दाखवी. यंत्रणा वापरणाऱ्यांच्या निदानातील चुका 16 टक्क्यांनी आणि उपचारातील चुका 13 टक्क्यांनी कमी भरल्या. ही किरकोळ कामगिरी नव्हे. प्राथमिक सेवेत, खऱ्या रुग्णांवर, घाईगर्दीच्या दिवसांत मिळालेला हा निकाल आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल.

पण तो शेवटपर्यंत वाचला पाहिजे. चुका मोजल्या त्या नोंदी वाचणाऱ्या डॉक्टरांनी. रुग्णांना स्वतः विचारले तेव्हा दोन्ही गटांत संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकणारा फरक दिसला नाही. शिवाय नुसते सॉफ्टवेअर बसवून हे साधलेले नव्हते. कर्मचाऱ्यांना सोबत घेऊन शिकवणे, कोण खुणांकडे दुर्लक्ष करतो ते पाहणे, सहकाऱ्यांकरवी पाठपुरावा करणे अशी मोठी मानवी यंत्रणा त्यामागे होती. अभ्यास करणाऱ्यांत प्रारूप बनवणारी कंपनीही होती, हेही ध्यानात ठेवावे. नैरोबीचा धडा असा की चांगल्या चाललेल्या दवाखान्याला चांगले यंत्र अधिक चांगले करू शकते. दवाखानाच नीट चालत नसेल तर काय, याचे उत्तर तिथे शोधू नये.

यंत्राची बाजू भक्कम असलेले दुसरे क्षेत्र म्हणजे क्षयरोग. छातीच्या एक्स-रेवरून क्षयाचा संशय ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 15 वर्षे आणि त्यापुढील वयाच्या व्यक्तींच्या चाळणीसाठी मान्यता दिली. डिसेंबर 2024 मध्ये देशातील 347 जिल्ह्यांत सुरू झालेल्या 100 दिवसांच्या मोहिमेत हातात धरता येणारी एक्स-रे यंत्रे आणि असे सॉफ्टवेअर गावोगाव गेले. ही निवड योग्य होती. प्रश्न एकच आणि नेमका आहे. एक्स-रे वाचायला तिथे दुसरे कोणी नसते. यंत्राने बोट दाखवले की थुंकीची जनुकीय चाचणी करून खरे-खोटे करता येते, आणि त्यासाठी गोव्यातील कंपनीने बनवलेले बॅटरीवर चालणारे 'ट्रूनॅट' उपलब्ध आहे. पुढचे औषध सरकार मोफत देते. म्हणजे यंत्राच्या शब्दाची शहानिशा करणारी पायरी आणि त्यानंतरची वाट, दोन्ही आधीपासून आहेत. 'ताप, अंगदुखी, अशक्तपणा' या तक्रारींवरून 10 निदाने सुचवणाऱ्या प्रणालीमागे यातले काय आहे?

इथे थोडे गणित अपरिहार्य आहे आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ते कागदावर करून पाहावे. समजा, एखादे यंत्र 100 आजाऱ्यांतले 90 ओळखते आणि 100 निरोग्यांतल्या 90 जणांना निरोगी ठरवते. मोठ्या रुग्णालयात येणाऱ्या 1,000 संशयितांपैकी 400 जणांना तो आजार आहे. यंत्र 360 जणांना बरोबर पकडेल आणि 60 जणांवर खोटा आळ घेईल. त्याने बोट दाखवलेल्या 420 जणांतले 360 खरे, म्हणजे सुमारे 86 टक्के. बातमीत हाच आकडा येतो. आता तेच यंत्र गावातल्या उपकेंद्रावर न्या. इथे 1,000 जणांत आजारी फक्त 10. त्यांतले 9 पकडले जातील. उरलेल्या 990 निरोग्यांपैकी 99 जणांवर खोटा आळ येईल. बोट दाखवलेल्या 108 जणांतले खरे आजारी 9, म्हणजे सुमारे 8 टक्के. यंत्रात एका ओळीचाही बदल झालेला नाही. बदलली ती त्याच्यासमोरची माणसे.

त्या 99 जणांचे पुढे काय होते? त्यांना तालुक्याला पाठवले जाते. एका दिवसाची मजुरी बुडते, प्रवासाला पैसे लागतात, घरात भीती शिरते. तालुक्याला पोहोचल्यावर कोण भेटते? सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार मार्च 2022 मध्ये ग्रामीण भागातील सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यकतेच्या तुलनेत 79.5 टक्के तज्ज्ञांची उणीव होती. यंत्र तज्ज्ञाकडे पाठवते आणि तज्ज्ञाची खुर्ची रिकामी असते. असे दोन-चारदा झाले की गाव तालुक्याला जाणे सोडते आणि कर्मचारी लाल खुणेकडे पाहणे सोडतो. मग उरलेल्या 9 खऱ्या आजाऱ्यांचाही तोटा होतो.

प्रयोगशाळेतले यंत्र दारात आल्यावर कसे वागते, याचे दाखले आहेत. मधुमेहामुळे होणारा दृष्टिपटलाचा विकार ओळखणाऱ्या गूगलच्या प्रणालीने 2016 मध्ये तज्ज्ञांच्या तोडीची अचूकता दाखवली होती, आणि त्या संशोधनात भारतीय नेत्ररुग्णालयांचाही वाटा होता. तीच प्रणाली थायलंडमधील 11 दवाखान्यांत गेली. तिथे परिचारिकांनी घेतलेल्या 1,838 छायाचित्रांपैकी 21 टक्के छायाचित्रे 'वाचण्यायोग्य नाहीत' म्हणून प्रणालीने नाकारली. खोली पुरेशी अंधारी नव्हती, इंटरनेट रेंगाळत होते. ज्यांचे छायाचित्र नाकारले गेले त्यांना दुसऱ्या दिवशी दूरच्या तज्ज्ञाकडे जायला सांगण्यात आले. अल्गोरिदममध्ये दोष नव्हता, पण तो उजेडाच्या खोलीत आला होता.

त्याहून जुना दाखला लीड्सचा. तिथे दे डोंबाल यांच्या गटाने 1972 मध्ये तीव्र पोटदुखीच्या 304 रुग्णांवर संगणकाची परीक्षा घेतली. संगणकाचे निदान 91.8 टक्के अचूक निघाले, तर पथकातील सर्वांत अनुभवी डॉक्टरांचे 79.6 टक्के. यंत्र डॉक्टरांच्या पुढे गेल्याची बातमी, म्हणजे, अर्धशतकाहून जुनी आहे. त्यानंतर ती प्रणाली अनेक रुग्णालयांत गेली, निदाने सुधारलीही. पण सुधारणेचा मोठा वाटा संगणकाला द्यावा की त्यासाठी भरून घेतलेल्या शिस्तशीर नोंदपत्रकाला आणि डॉक्टरांना परत मिळणाऱ्या निकालाला, हा प्रश्न उरलाच. नीट विचारलेले प्रश्न आणि नंतर कळलेले उत्तर ही दोन्ही साधने कागदावरही शक्य आहेत.

इतके सांगितल्यावर हमखास एक वाक्य पुढे केले जाते: 'अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.' कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. मार्च 2020 च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार एआय प्रणाली रुग्णाला परस्पर सल्ला देऊ शकत नाही किंवा औषध लिहू शकत नाही. ती नोंदणीकृत डॉक्टरला साहाय्य करू शकते, औषधयोजना मात्र त्याचीच. तत्त्व उत्तम आहे. पण माणूस यंत्राला खरोखर नाकारतो का, हाही प्रयोगाचा विषय आहे आणि प्रयोग झालेला आहे. 2023 मध्ये 27 क्ष-किरणतज्ज्ञांना स्तनांच्या मॅमोग्राफी प्रतिमा एआयच्या शिफारशीसह दाखवण्यात आल्या, आणि काही शिफारशी मुद्दाम चुकीच्या ठेवल्या. शिफारस बरोबर असताना कमी अनुभवी तज्ज्ञांचे उत्तर सुमारे 80 टक्के वेळा बरोबर येत होते, चुकीची असताना ते सुमारे 20 टक्क्यांवर आले. अतिशय अनुभवी तज्ज्ञही 82 वरून 46 टक्क्यांच्या आसपास घसरले. ही शांत खोलीत बसलेल्या तज्ज्ञांची गत. पडद्यावर एकामागून एक रुग्ण पाहणाऱ्या, प्रत्येकाला तीन-चार मिनिटे देणाऱ्या डॉक्टरकडून यंत्राच्या चुका पकडण्याची अपेक्षा धरणे म्हणजे चूक झाल्यावर दोष कोणावर ठेवायचा याची आगाऊ सोय करून ठेवणे होय. सल्ला यंत्राचा, सही डॉक्टरची आणि परिणाम रुग्णाचा.

सवयीचा धोका वेगळाच आहे. पोलंडमधील चार केंद्रांचा अभ्यास 2025 मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या दुर्बीण-तपासणीत एआयचा वापर सुरू झाल्यावर, एआयविना केलेल्या तपासण्यांत गाठी सापडण्याचे प्रमाण 28.4 वरून 22.4 टक्क्यांवर आले. हे मुरलेले डॉक्टर होते. भारतात ही साधने दिली जात आहेत ती नोकरीच्या पहिल्या वर्षांतल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना, ज्यांचे कौशल्य अजून घडायचे आहे. जे शिकलेच नाही ते विसरण्याचा प्रश्न येत नाही, एवढेच समाधान!

सर्वांत मूलभूत दोष मात्र रचनेचा आहे. उपकरणाचे वाचन खरे की खोटे हे प्रमाणाशी ताडून ठरवावे लागते, हे शाळेच्या प्रयोगवहीतही शिकवले जाते. निर्णय-सहाय्य प्रणालीचे प्रमाण कोणते? रुग्ण बरा झाला की नाही, हेच. पण सल्ला संपला की बहुतेक रुग्ण यंत्रणेच्या दृष्टीआड होतो. डॉक्टरने यंत्राचे निदान स्वीकारले, याला जर यश म्हटले, तर यंत्र डॉक्टरांच्या सवयी शिकेल, चुकांसकट. ज्या देशात साध्या सर्दीला प्रतिजैविके लिहिली जातात, तिथे सर्दीला प्रतिजैविके सुचवणारे यंत्रही तज्ज्ञांशी उत्तम जुळेल. याच्या अगदी उलट उदाहरण टांझानियात आहे. तिथे आजारी मुलांसाठी साध्या, माणसाला वाचता येतील अशा नियमांवर चालणारी प्रणाली, बोटावरचा ऑक्सिजनमापक आणि रक्ताची एक जलद चाचणी एकत्र दिली गेली. प्रतिजैविकांचे प्रमाण 70.1 टक्क्यांऐवजी 23.2 टक्के राहिले, आणि मुले बरी होण्यात उणेपणा आला नाही. त्या संशोधकांनी दोन्ही मोजले म्हणून हे ठामपणे सांगता येते.

'काहीच नसण्यापेक्षा काहीतरी बरे' हा शेवटचा युक्तिवाद उरतो आणि तो भावनेला भिडतो. जिथे डॉक्टर नाही, तिथे यंत्राला अडवणारे शहरी टीकाकार कोण? पण उपकेंद्रात 'काहीच' नसते हे खरे नाही. तिथे एक परिचारिका किंवा आरोग्य अधिकारी असतो आणि त्याच्यापाशी शंका असते. 'मला हे समजत नाही, तुम्ही पुढे जा' हे वाक्य आजवर अनेकांच्या उपयोगी पडले आहे. यंत्राने आत्मविश्वासाने दिलेले चुकीचे आश्वासन त्या शंकेची जागा घेते, तेव्हा रुग्ण पूर्वीपेक्षा वाईट स्थितीत जातो. नव्या गोळीबाबत 'काहीच नसण्यापेक्षा बरी' असा युक्तिवाद कोणी करू लागला, तर औषध नियंत्रक तो ऐकून घेणार नाहीत. गरिबांसाठी वेगळा, सैल पुरावा चालतो असे मानायचे असेल, तर तसे उघड म्हणावे.

म्हणून मागण्या मोजक्या आहेत आणि त्यांतली एकही अशक्य नाही. सरकारी पैशाने बसवल्या जाणाऱ्या प्रत्येक निर्णय-सहाय्य प्रणालीची चाचणी भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत आधी नोंदवावी आणि निकाल, प्रतिकूल असला तरी, प्रसिद्ध करावा. चाचणी ज्या पातळीवर यंत्रणा वापरायची त्याच पातळीवर व्हावी. मोठ्या रुग्णालयातली अचूकता उपकेंद्रासाठी ग्राह्य धरू नये. यशाची व्याख्या रुग्णाच्या परिणामावर असावी: रक्तदाब उतरला का, ताप गेला का, अनावश्यक पाठवण्या आणि प्रतिजैविके घटली का. केंद्रे टप्प्याटप्प्याने जोडली जाणारच असतील, तर कोणते केंद्र आधी हे चिठ्ठी टाकून ठरवावे. एवढ्यानेच फारशा खर्चाविना तुलनेचा गट हाती येतो. सल्ल्यानंतर 14 दिवसांनी रुग्णांच्या एका नमुन्याला दूरध्वनी करून 'आता कसे आहे?' असे विचारावे. आणि यंत्राच्या चुकीने अपाय झाला तर बनवणारा, बसवणारा आणि सही करणारा यांची जबाबदारी आधीच लेखी ठरलेली असावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2023 मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत आणि सॉफ्टवेअर आता वैद्यकीय उपकरणाच्या व्याख्येतही येते. चौकट आहे. तिच्यात बसवायची आकडेवारी मागितली गेली पाहिजे.

ती मागण्याचे काम सरकार आणि कंपन्यांपेक्षा वाचकांचे अधिक आहे. पुढच्या वेळी कोटींचा आकडा समोर आला की भौतिकशास्त्र, जीवशास्त्र किंवा संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. तुलना कोणाशी केली? चाचणीतली माणसे कोण होती? आणि त्यांचे पुढे काय झाले? या तिन्हींची उत्तरे नसतील तर ती विज्ञानाची बातमी नव्हे, जाहिरात आहे.

1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले होते. तरुण बालरोगतज्ज्ञ दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खायचा सोडा यांचे पाण्यातील द्रावण पिंपांत भरून ठेवले आणि रुग्णांच्या नातेवाइकांच्याच हाती पेले दिले. निर्णयाला साहाय्य करणारे कोणतेही यंत्र तिथे नव्हते. पूर्वी सुमारे 30 टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण उपचार घेतलेल्यांत 3.6 टक्क्यांपर्यंत खाली आले. हे आज सांगता येते, कारण त्या धामधुमीतही त्यांनी मृत्यू मोजले होते. किती पेले वाटले हा आकडा मात्र कोणाच्या लक्षात नाही.